एक नाव, अनेक पर्याय : डेबियनची पर्याय-व्यवस्था

एकाच कामासाठी अनेक प्रोग्रॅम हाताशी असणे, ही युनिक्सच्या परंपरेतील संगणक प्रणालींची जुनी रीत आहे. मजकूर लिहिण्या-सुधारण्यासाठी नॅनो, व्हिम आणि इमॅक्स. सी भाषेतील प्रोग्रॅम कंपाइल करण्यासाठी जीसीसी आणि क्लँग. जावा भाषेच्या तर दोन-तीन आवृत्त्या, असे सारे एकाच यंत्रावर सुखेनैव नांदू शकते. अडचण येते ती नावापाशी. वापरकर्त्याने किंवा दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने नुसते 'एडिटर' म्हटले, तर यांपैकी कोणता उघडावा? आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा : प्रोग्रॅमचे पॅकेज बांधून देणाऱ्याचा, यंत्र सांभाळणाऱ्या प्रशासकाचा, की यंत्रापुढे बसलेल्या वापरकर्त्याचा?

डेबियन या लिनक्स प्रणालीने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे तिची पर्याय-व्यवस्था. ती चालविणाऱ्या आज्ञेचे नाव 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज'. डेबियनच्या पायावर उभ्या असलेल्या उबुंटू, लिनक्स मिंट आणि सी-डॅकने विकसित केलेल्या 'बॉस' या भारतीय प्रणालीतही हीच आज्ञा काम करते. आज्ञा लहान आहे, तिचे तत्त्वही सोपे आहे. मात्र ते तत्त्व न ओळखता ती वापरली, तर सुरळीत चालणारे यंत्र एका ओळीत अडखळू शकते. (या लेखात आज्ञा व फायलींचे मार्ग उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत, यंत्रावर ते रोमन लिपीत टंकावे लागतात.)

पार्श्वभूमी

इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. या प्रणालीत प्रत्येक प्रोग्रॅम पॅकेजच्या रूपाने येतो आणि 'डीपीकेजी' हा व्यवस्थापक कोणती फाइल कोणत्या पॅकेजच्या मालकीची आहे, याची नोंद ठेवतो. त्याचा एक मूलभूत नियम असा, की एका फाइलचे मालक एका वेळी एकच पॅकेज असू शकते. दुसऱ्या पॅकेजने त्याच नावाची फाइल त्याच जागी ठेवण्याचा प्रयत्न केला, तर डीपीकेजी ते बसविण्याचे नाकारतो.

नियम योग्यच आहे. पण दोन संपादकांना 'एडिटर' हे एकच नाव हवे असेल तर काय करावे? एक मार्ग म्हणजे दोन्ही पॅकेजे परस्परविरोधी ठरविणे, म्हणजे एक आले की दुसऱ्याने जायचे. डेबियनमधील टपाल पोहोचविणाऱ्या प्रोग्रॅमांबाबत, उदाहरणार्थ एक्झिम आणि पोस्टफिक्स यांच्याबाबत, हाच मार्ग स्वीकारलेला आहे. कारण एका यंत्रावर असे दोन सेवक एकाच दारावर उभे राहण्याची सहसा गरज नसते. संपादकांचे तसे नाही. एकाच यंत्रावर एकाला व्हिम हवा असतो, दुसऱ्याला नॅनो. तेथे दोघांनाही राहू देऊन केवळ सामाईक नाव कोणाकडे जाईल एवढेच ठरवावे लागते. पर्याय-व्यवस्था जन्मली ती या गरजेतून. तिची मूळ आज्ञा इयन जॅक्सन यांनी १९९५ मध्ये पर्ल भाषेत लिहिली. पुढे ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली व आज ती डीपीकेजीचाच एक भाग आहे.

दोन दुव्यांची रचना

ही व्यवस्था सांकेतिक दुव्यांवर, म्हणजे युनिक्समधील सिम्बॉलिक लिंकवर, उभी आहे. असा दुवा ही एक लहानशी फाइल असते. तिच्यात स्वतःचा मजकूर नसतो, दुसऱ्या फाइलचा पत्ता असतो. तो दुवा उघडला की प्रणाली त्या पत्त्यावरची फाइल उघडते.

'एडिटर' या नावाचा प्रवास दोन टप्प्यांचा आहे. '/यूएसआर/बिन/एडिटर' हा पहिला दुवा '/ईटीसी/अल्टरनेटिव्ह्ज/एडिटर' या दुसऱ्या दुव्याकडे बोट दाखवितो, आणि हा दुसरा दुवा प्रत्यक्ष प्रोग्रॅमकडे, म्हणजे नॅनोकडे किंवा व्हिमकडे नेतो. पहिला दुवा कधी बदलत नाही. कचेरीवरची 'तहसीलदार' ही पाटी कायम राहावी आणि खुर्चीवरचा माणूस बदलत राहावा, तसा हा प्रकार आहे. अर्जदाराला पाटी ठाऊक असली की पुरे.

पहिला दुवा थेट प्रोग्रॅमकडेच का नेऊ नये, अशी शंका येथे येते. याचे उत्तर युनिक्सच्या फाइलरचनेत आहे. 'यूएसआर' या निर्देशिकेत पॅकेजांतून आलेली सामग्री असते. ती अनेक यंत्रांत सामाईक असू शकते किंवा केवळ वाचनासाठी खुली ठेवलेली असू शकते. त्या यंत्रापुरते घेतलेले निर्णय 'ईटीसी' या निर्देशिकेत राहावेत, असा संकेत आहे. मधला दुवा 'ईटीसी'त ठेवल्यामुळे प्रशासकाचा निर्णय त्याच्या हक्काच्या जागी राहतो आणि पॅकेजांच्या मुलखाला हात लावावा लागत नाही. 'ईटीसी'ची राखीव प्रत काढणाऱ्याच्या हाती हे निर्णयही आपोआप येतात.

अग्रक्रम आणि दोन अवस्था

एका सामाईक नावाखाली येणाऱ्या सर्व पर्यायांचा मिळून एक गट होतो. पॅकेज बसविले जात असताना ते आपला प्रोग्रॅम या गटात नोंदविते आणि सोबत एक पूर्णांक देते. हा त्याचा अग्रक्रम. डेबियनच्या 'एडिटर' गटात नॅनोचा अग्रक्रम ४०, व्हिमच्या नेहमीच्या रूपाचा ३० आणि 'ईडी' या अतिप्राचीन संपादकाचा उणे १०० असा आढळतो. उणे अंकाचा अर्थ एवढाच, की दुसरे कोणीही उपलब्ध असेल तर ईडीची निवड होऊ नये.

प्रत्येक गट कोणत्याही क्षणी दोनपैकी एका अवस्थेत असतो. गट प्रथम निर्माण होतो तेव्हा तो स्वयंचलित अवस्थेत असतो. या अवस्थेत उपलब्ध पर्यायांतील सर्वाधिक अग्रक्रमाचा पर्याय निवडला जातो. नवे पॅकेज आले किंवा जुने गेले, की निवड पुन्हा तपासली जाते. प्रशासकाने स्वतः एखादा पर्याय निवडला, की गट हस्तचलित अवस्थेत जातो. त्यानंतर कितीही मोठ्या अग्रक्रमाचा पर्याय आला, तरी ती निवड बदलली जात नाही.

या व्यवस्थेचे मर्म याच नियमात आहे. पॅकेज बांधणारा अग्रक्रमाच्या रूपाने आपली शिफारस मांडतो. निर्णय मात्र यंत्र सांभाळणाऱ्याचा असतो आणि एकदा तो घेतला की शिफारशीला त्यापुढे स्थान उरत नाही. प्रशासकाने 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' न वापरता 'ईटीसी'तील दुवा हाताने बदलला, तरी पुढच्या वेळी त्या गटावर ही आज्ञा चालते तेव्हा हा बदल तिच्या लक्षात येतो आणि ती गटाला आपण होऊन हस्तचलित अवस्थेत टाकते. मनुष्याने केलेला बदल ही चूक नसून निर्णय आहे, असे येथे गृहीत धरलेले आहे.

या निर्णयाचे आयुष्य मात्र निवडलेल्या पॅकेजाच्या आयुष्याशी बांधलेले आहे. निवडलेला प्रोग्रॅमच काढून टाकला, तर गट पुन्हा स्वयंचलित अवस्थेत जातो आणि उरलेल्यांतील सर्वाधिक अग्रक्रमाचा पर्याय त्याची जागा घेतो. तेच पॅकेज नंतर पुन्हा बसविले, तरी जुना निर्णय परत येत नाही. म्हणूनच पॅकेज बांधणाऱ्यांनी नोंद रद्द करण्याची आज्ञा पॅकेज कायमचे काढतानाच द्यावी, नव्या आवृत्तीत जाताना देऊ नये, असा दंडक आहे. तो मोडला, तर प्रत्येक अद्ययावतीकरणात प्रशासकाचा निर्णय मुकाट्याने पुसला जातो.

हस्तचलित अवस्थेची एक उलट बाजूही आहे. एखाद्या जुन्या कामासाठी जुनी आवृत्ती निवडून ठेवली आणि ती गोष्ट विसरली गेली, तर सुधारित आवृत्ती यंत्रावर असूनही वर्षानुवर्षे जुनीच वापरली जाते. आपल्या निर्णयांची उजळणी अधूनमधून करावी, हे पथ्य येथूनच आले.

सोबत चालणारे दुवे : जावाचा धडा

प्रोग्रॅम बदलला की त्याचे माहितीपृष्ठही बदलले पाहिजे. नाव व्हिमकडे गेले आणि मदत मागितल्यावर पान मात्र नॅनोचे उघडले, तर वापरकर्त्याचा गोंधळ होईल. त्यासाठी प्रत्येक गटात एक प्रमुख दुवा आणि त्याच्याबरोबर वळणारे अनुगामी दुवे अशी सोय आहे. प्रमुख दुवा वळला की अनुगामी दुवेही वळतात. निवडलेल्या पर्यायाजवळ एखाद्या अनुगामी दुव्यासाठी फाइल नसेल, तर तो दुवा काढून टाकला जातो. दुसऱ्याची फाइल त्याच्या गळ्यात बांधली जात नाही.

ही एकजूट गटाच्या आतच असते. दोन वेगळ्या गटांत ती नसते. जावामध्ये नेमकी हीच गोष्ट अनेकांना अडवते. लिहिलेला प्रोग्रॅम कंपाइल करणारी 'जावासी' आणि कंपाइल झालेला प्रोग्रॅम चालविणारी 'जावा' या दोन आज्ञा डेबियनमध्ये दोन स्वतंत्र गटांत आहेत. कारण केवळ प्रोग्रॅम चालविणाऱ्याला कंपायलरची गरज नसते व तो स्वतंत्र पॅकेजात येतो.

यंत्रावर ओपनजेडीकेची ११ आणि १७ या दोन्ही आवृत्त्या आहेत, असे समजू. डेबियनमध्ये त्यांचे अग्रक्रम अनुक्रमे ११११ आणि १७११ असल्याने स्वयंचलित अवस्थेत दोन्ही गट १७ कडे असतात. जुन्या हिशेबी प्रोग्रॅमसाठी कोणी 'जावा' हा गट ११ कडे वळविला आणि 'जावासी' तसाच राहिला, तर नवीन कंपाइल केलेली प्रत्येक फाइल चालविताना नाकारली जाते. जावा १७ ने तयार केलेल्या फाइलवर ६१ हा आवृत्तिक्रमांक असतो, आणि जावा ११ ला ५५ पर्यंतचेच क्रमांक समजतात. पडद्यावर येणारा संदेश फाइलच्या आवृत्तीविषयी बोलतो; दोष मात्र दोन दिशांना तोंड करून बसलेल्या दुव्यांत असतो. त्यामुळे शोध भलतीकडेच चालू राहतो.

यावर डेबियनने 'अपडेट-जावा-अल्टरनेटिव्ह्ज' ही वेगळी आज्ञा दिली आहे. ती जावाशी संबंधित सर्व गट एकदम एकाच आवृत्तीकडे वळविते. परस्परांवर अवलंबून असलेल्या गोष्टी एकत्रच हलवाव्यात, हा यातून मिळणारा धडा आहे.

दुवा वळतो, परिणाम मागे राहतात

पर्याय-व्यवस्था नाव वळविते. आधीच्या प्रोग्रॅमने करून ठेवलेले काम ती उलटवीत नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे फायरवॉलचे नियम घालणारी 'आयपीटेबल्स' ही आज्ञा. २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० पासून या नावाखाली दोन रूपे आहेत. एक जुन्या पद्धतीचे, तर दुसरे कर्नलमधील 'एनएफटेबल्स' या नव्या यंत्रणेवर चालणारे. पूर्वनियोजित निवड नव्या रूपाची असते.

दोन्ही रूपांना आज्ञा त्याच द्याव्या लागतात. पण त्यांनी घातलेले नियम कर्नलमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. जुन्या रूपाने नियम घातल्यावर दुवा नव्या रूपाकडे वळविला, तर जुने नियम लागू राहतात, मात्र नव्या रूपाच्या यादीत ते दिसत नाहीत. प्रशासक मोकळी यादी पाहतो आणि जोडणी तरी का अडते, याचा विचार करीत बसतो. याउलटही होऊ शकते : दार बंद केले आहे अशा समजुतीत तो राहतो आणि ते उघडे असते. अशा ठिकाणी निवड नियम घालण्यापूर्वीच करावी आणि ती केल्यावर यंत्र पुन्हा सुरू करून दोन्ही रूपांच्या याद्या तपासाव्यात, हे शहाणपणाचे.

ही व्यवस्था कोठे वापरू नये

एका नावाखाली येणारे सर्व पर्याय तेच काम करणारे असले पाहिजेत, ही या व्यवस्थेची पूर्वअट आहे. कामे भिन्न आणि नाव एक, असे दोन प्रोग्रॅम या मार्गाने जोडण्यास डेबियनचे धोरण मनाई करते. याची कसोटी 'नोड' या नावाने पाहिली. हौशी रेडिओचालकांच्या जाळ्यासाठी वापरला जाणारा एक जुना प्रोग्रॅम या नावाने डेबियनमध्ये होता. पुढे जावास्क्रिप्ट चालविणारा नोड-जेएस लोकप्रिय झाला आणि त्यालाही तेच नाव हवे होते. दोघांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. 'नोड' म्हटल्यावर एका यंत्रावर रेडिओ आणि दुसऱ्यावर जावास्क्रिप्ट सुरू झाली असती, तर त्या नावावर विसंबून लिहिलेला कोणताही प्रोग्रॅम भरवशाचा राहिला नसता. हा वाद डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेला. २०१२ मध्ये निघालेल्या तोडग्यानुसार नव्या प्रोग्रॅमची आज्ञा 'नोडजेएस' या नावाने आली आणि ज्यांना आखूड नाव हवे त्यांच्यासाठी वेगळे पॅकेज ठेवले गेले. पर्याय-व्यवस्थेचा सोपा वाटणारा मार्ग जाणूनबुजून टाळला गेला.

दुसरे क्षेत्र पायथनचे. डेबियन व उबुंटूमध्ये 'पायथन-३' हे नाव पर्याय-व्यवस्थेच्या हाती दिलेले नाही. ते प्रणालीने ठरविलेल्या आवृत्तीकडे थेट नेते. प्रणालीची स्वतःची अनेक साधने पायथनमध्ये लिहिलेली आहेत आणि त्यांना लागणारे जोडभाग त्याच एका आवृत्तीसाठी बांधलेले असतात. तरीही नवी आवृत्ती हवी म्हणून काही वापरकर्ते हे नाव स्वतः एका गटात नोंदवून नव्या आवृत्तीकडे वळवितात. उबुंटूवर याचा परिणाम लगेच दिसतो. पॅकेज व्यवस्थेशी बोलणारा 'एपीटी-पीकेजी' हा जोडभाग सापडत नाही, अशी तक्रार येते. काही आवृत्त्यांत तर आज्ञा देण्यासाठीची टर्मिनलची खिडकीच उघडत नाही. म्हणजे चूक दुरुस्त करण्याचे नेहमीचे साधनच चुकीच्या पोटात जाते. यावरचा उतारा म्हणजे दुवा मूळ आवृत्तीकडे परत नेणे. आणि योग्य मार्ग म्हणजे नवी आवृत्ती तिच्या क्रमांकासह पूर्ण नावाने बोलावणे किंवा प्रत्येक प्रकल्पासाठी पायथनचे आभासी परिसर निर्माण करणे.

रोजच्या वापरातील आज्ञा

यंत्रावरील एखाद्या गटाची स्थिती पाहण्यासाठी 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज'ला 'डिस्प्ले' हा शब्द आणि गटाचे नाव द्यावे. गटाची अवस्था, सध्याची निवड, प्रत्येक पर्यायाचा अग्रक्रम आणि त्याचे अनुगामी दुवे पडद्यावर येतात. यासाठी विशेष अधिकार लागत नाहीत.

निवड बदलण्यासाठी 'कॉन्फिग' वापरतात. क्रमांक दिलेली यादी समोर येते आणि सध्याच्या निवडीपुढे तारा दिसतो. या यादीत एक बारकावा आहे. शून्य क्रमांकाची ओळ म्हणजे स्वयंचलित अवस्था. तोच प्रोग्रॅम खाली दुसऱ्या क्रमांकावर हस्तचलित म्हणूनही दिसतो. आज दोन्हींचा परिणाम सारखा असला, तरी उद्या नवे पॅकेज आल्यावर तो भिन्न असेल. यादी न दाखवता, एखाद्या लिपीतून निवड करायची असल्यास 'सेट' वापरून प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग द्यावा. निर्णय मागे घेऊन गट पूर्ववत करण्यासाठी 'ऑटो' आहे. निवड बदलणाऱ्या या आज्ञांना प्रशासकाचे अधिकार लागतात.

'गेट-सिलेक्शन्स' सर्व गटांची अवस्था व निवड एका यादीत देते. ती यादी जपून ठेवली, तर दुसऱ्या यंत्रावर 'सेट-सिलेक्शन्स'च्या साहाय्याने तेच निर्णय पुन्हा लागू करता येतात. झालेल्या बदलांची नोंद '/व्हार/लॉग/अल्टरनेटिव्ह्ज.लॉग' या फाइलमध्ये राहते. 'काल चालत होते, आज चालत नाही' अशी तक्रार आल्यास ही फाइल आधी वाचावी.

ज्याच्याजवळ प्रशासकाचे अधिकार नाहीत, त्याची निवड संपूर्ण यंत्रावर लागू होऊ शकत नाही; आणि ते योग्यही आहे. पण त्याला स्वतःपुरता मार्ग मोकळा असतो. 'एडिटर' आणि 'पेजर' या परिसरचलांत आपल्या पसंतीच्या प्रोग्रॅमचे नाव ठेवावे. संपादक उघडणाऱ्या प्रोग्रॅमांनी आधी वापरकर्त्याची ही पसंती पाहावी आणि ती नसेल तेव्हाच सामाईक नावाकडे वळावे, असे डेबियनचे धोरण सांगते.

अन्य प्रणालींतील मार्ग

रेड हॅट आणि फेडोरा यांनी हीच कल्पना उचलली, पण पर्लवर विसंबून राहावे लागू नये म्हणून आज्ञा सी भाषेत स्वतंत्रपणे लिहिली. तेथे तिला 'अल्टरनेटिव्ह्ज' म्हणतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये क्रमांकाविना 'पायथन' हे नाव या व्यवस्थेने ठरविता येते. पण तेथे प्रणालीच्या स्वतःच्या साधनांसाठी पायथन वेगळ्या जागी, वेगळ्या नावाने ठेवला आहे. त्यामुळे वापरकर्त्याने सामाईक नाव कोणाकडेही वळविले, तरी यंत्राचा पाया हलत नाही.

जेंटूमध्ये 'ई-सिलेक्ट' हे साधन अशाच निवडी करते. फ्रीबीएसडीत टपाल-प्रोग्रॅमच्या निवडीसाठी 'मेलरॅपर' आहे. ते दुव्यांऐवजी एका लहान फाइलमध्ये लिहिलेला मार्ग वाचते. निक्स या व्यवस्थापकाने तर प्रत्येक पॅकेजाच्या प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र निर्देशिका देऊन नावांचा संघर्ष मुळातच टाळला आहे आणि प्रत्येक वापरकर्त्याला स्वतःच्या दुव्यांचा संच दिला आहे.

डेबियनची व्यवस्था या सर्वांच्या तुलनेत साधी आहे, आणि तिच्या मर्यादा त्या साधेपणातूनच येतात. एका यंत्रावर एका नावाची एका वेळी एकच निवड, एवढेच तिला करता येते. जेथे प्रत्येक प्रकल्पाला वेगळी आवृत्ती हवी, तेथे आभासी परिसर किंवा कंटेनर यांचाच आधार घ्यावा लागतो. जेथे काम एकच आहे, पर्याय खरोखर समतुल्य आहेत आणि निर्णय संपूर्ण यंत्रासाठी आहे, तेथे मात्र ही व्यवस्था पुरेशी आहे. दुवा वळविण्यापूर्वी प्रशासकाने दोन गोष्टी पाहाव्यात : या नावावर आणखी कोण विसंबून आहे, आणि परत फिरण्याची वाट उघडी आहे की नाही.